मुदत तेराव्या वर्षी संपते

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना वर्गातल्या एखाद्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर त्यांना गप्प बसता येत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर वर्षभर. २०२२ पासून शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही आहे. हे सारे योग्यच आहे. पण अशीच एखादी शिक्षिका स्वतः लहानपणी त्या अनुभवातून गेलेली असेल आणि आज पस्तिशीत न्याय मागायला उभी राहिली, तर तिच्यासाठी कायद्यात काय आहे? पोक्सो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ रोजी. तिच्या बालपणाला लागू होता तो जुना दंडसंहितेचा कायदा. त्यात बलात्काराच्या तक्रारीला कालमर्यादा नव्हती, पण त्याची व्याख्या अतिशय अरुंद होती. बाकीचे बहुतेक प्रकार विनयभंगाच्या कलम ३५४ मध्ये कोंबले जात आणि २०१३ पर्यंत त्या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षे होती. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षे, आणि ती मोजायची घटनेच्या दिवसापासून. पीडित अज्ञान आहे म्हणून त्यात सवलत नाही. म्हणजे दहाव्या वर्षी जे घडले, त्याची मुदत तेराव्या वर्षी संपली. मुलग्यांची अवस्था त्याहून वाईट, कारण कलम ३५४ फक्त स्त्रियांसाठी होते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा म्हटला तरी अज्ञानपण संपल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. एकविसाव्या वर्षी तेही दार बंद.

आता ही मुदत आणि माणसाचे मन यांची सांगड घालून पाहा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात चाललेल्या बाल लैंगिक अत्याचारांच्या चौकशी आयोगापुढे हजारो पीडित बोलले. घडलेले पहिल्यांदा सांगायला त्यांना सरासरी जवळपास २४ वर्षे लागली होती. सुरक्षित नोकरी, स्वतःचा पगार, ऐकून घेणारा एखादा माणूस, एवढे हाताशी आल्यावर तोंड उघडते. ज्या वयात बोलणे शक्य होते, त्याच्या कितीतरी आधी आपला कायदा कान बंद करून बसतो. लहान गावात तर दोषी माणूस काका, शेजारी किंवा गुरुजी असतो, पुढे गावचा मानकरी होतो आणि सणावारी त्याच्या पाया पडावे लागते.

इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणणार, हा आक्षेप खरा आहे. वैद्यकीय पुरावा राहत नाही, साक्षीदार मरतात, स्मृती धूसर होते. पण पुरावा कमी पडला तर आरोपी सुटेल. निर्दोषत्वाचे गृहीतक कोणी काढून घ्या म्हणत नाही. पुरावा पुरेसा आहे की नाही हे न्यायालयाने तपासून ठरवावे, दिनदर्शिकेने नव्हे. अनेकदा एकीने तोंड उघडले की त्याच माणसाने छळलेल्या दुसऱ्या दोघी पुढे येतात, आणि हा पुरावा जुना होत नाही. खोट्या तक्रारीची भीती घातली जाते; परंतु वीस वर्षांनी गावासमोर स्वतःची सर्वांत दुखरी गोष्ट मांडण्यात कोणाचा कसला फायदा, हे सांगायला कोणी तयार नसते. तिसरा आक्षेप राज्यघटनेचा: कलम २०(१) प्रमाणे तेव्हा गुन्हा नसलेल्या कृत्याला आज शिक्षा देता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. उलटलेली मुदत फौजदारी खटल्यासाठी पुन्हा जिवंत करणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये नाकारले. म्हणूनच न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने दिवाणी दाव्यांसाठी ठरावीक काळ दार उघडले, आणि कितीही जुन्या प्रकरणातले पीडित संस्थांविरुद्धही न्यायालयात जाऊ शकले.

आपल्याकडेही एक फट आहे. विलंबाचे कारण पटले किंवा न्यायासाठी आवश्यक वाटले, तर मुदतीनंतरही न्यायालय दखल घेऊ शकते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१९ तेच सांगते. पण हा अपवाद न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. बदलापूरच्या शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुरड्यांच्या पालकांना ऑगस्ट २०२४ मध्ये, घटना ताजी असताना, गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावे लागले. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट घेऊन गेलेल्या बाईंना ठाणे अंमलदार काय उत्तर देईल? राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये महिला व बालकांवरील अत्याचारांविरोधातले शक्ती विधेयक एकमताने मंजूर केले, त्याचा भर फाशीवर आणि तीस दिवसांत तपास संपवण्यावर होता. ते राष्ट्रपतींच्या संमतीविना अडकले. तेवढीच एकजूट दोन साध्या दुरुस्त्यांसाठी दाखवावी: बालकांविरुद्धच्या कोणत्याही लैंगिक गुन्ह्याला यापुढे कालमर्यादा नसावी, आणि २०१२ पूर्वीच्या पीडितांना भरपाईचा दिवाणी दावा करायला दोन-तीन वर्षांची खुली मुदत द्यावी. फौजदारी प्रक्रिया आणि दिवाणी मुदत हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे शेवटी राष्ट्रपतींची संमती लागली तरी सुरुवात करायला दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पहिले पाऊल विधान भवनातूनही टाकता येते.