माउथगार्डचीही झीज मोजली पाहिजे

भिलाई-3 येथील आमच्या घराजवळच रेल्वेचे मार्शलिंग यार्ड आहे. मालगाडीचे चाक वरवर ठणठणीत दिसते म्हणून रेल्वे त्यावर विश्वास टाकत नाही. त्याची झीज गेज लावून मोजली जाते आणि मर्यादा ओलांडली की चाक बाद होते. मुष्टियुद्ध शिकणाऱ्या माझ्या भाच्याचे माउथगार्ड परवा हाती घेतले, तेव्हा ही शिस्त आठवली. दाढांखाली ते चावून चावून पुठ्ठ्याएवढे पातळ झाले होते. तरी तो रोज तेच घालून रिंगमध्ये उतरत होता आणि आम्ही घरचे निर्धास्त होतो.

बहुतेक माउथगार्ड एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या मऊ पॉलिमरचे असतात. फटक्याची ऊर्जा अधिक अंतरात आणि अधिक वेळात जिरवणे, हे त्यांचे काम. ऊर्जा तेवढीच असून थांबण्याचे अंतर निम्मे झाले, तर सरासरी बल दुप्पट होते. हिशेब ढोबळ असला तरी दिशा स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियातील वेस्टरमन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुमारे 4 मिलिमीटर जाडी योग्य ठरली. त्याहून अधिक जाडीने लाभ किंचितच वाढतो, त्रास मात्र वाढतो. म्हणजे माउथगार्ड विकत घेताना आपण खरे तर काही मिलिमीटर जाडी विकत घेत असतो.

ही जाडी अनेक वाटांनी हरवते. गरम पाण्यात मऊ करून घरी बसवायच्या प्रकारात मूल जोराने चावले, तर पहिल्याच दिवशी तळ पातळ होतो. पुढे सरावाच्या वेळी चघळण्याची सवय उरलेले काम करते. उकळत्या पाण्याने धुतले किंवा मे महिन्यात बंद मोटारीत ठेवले, तर आकारही बिघडतो. शिवाय वाढत्या वयात दात आणि जबडा बदलतात, म्हणून न झिजलेले कवचही सैल किंवा घट्ट होते.

काही प्रशिक्षक म्हणतील, मुले ते घालतात हेच पुष्कळ. मला हे पटत नाही. झिजलेले कवच संरक्षणाचा केवळ भास देते, आणि त्या भासाच्या बळावर मूल अधिक धाडस करते. पडलेला कायमचा दात पुन्हा उगवत नाही. उलट बाजूने अतिशयोक्तीही नको. माउथगार्ड दातांना वाचवते याचा पुरावा चांगला आहे. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याबाबत तो तितका भक्कम नाही.

उपाय खर्चिक नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतोच. दर 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तो मैदानावर न्यावा. प्रत्येक माउथगार्डच्या पुढच्या भिंतीची आणि दाढांखालच्या तळाची जाडी मुलांनीच मोजावी व तारखेसह वहीत नोंदवावी. मधल्या काळात प्रशिक्षकाने महिन्यातून एकदा भेगा, चिरा आणि सैलपणा तपासावा. फार पातळ झालेले, फाटलेले किंवा न बसणारे कवच निःसंकोच टाकून द्यावे.

मालगाडीच्या चाकासाठी आपण जी काळजी घेतो, ती मुलांच्या दातांसाठी घेणे जड जाऊ नये.