कायद्याची ओळख : "आमची जात याला कुणी सांगितली?"



गेल्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील एक ताई रात्री जेवणाच्या वेळेला घरी आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलीला बारावीपर्यंत शिकविले. निकाल लागल्यावर मुलगी एका शैक्षणिक मेळाव्याला गेली आणि तेथील टेबलावर मिळालेला फॉर्म भरून आली. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, टक्के आणि जात. दुसऱ्या दिवसापासून ताईंना फोन सुरू झाले. कधी नावही न ऐकलेली कॉलेजे! एक जण म्हणाला, "तुमची एस.सी. कॅटेगरी आहे ना? मग फीची काळजी नको. मूळ दाखले घेऊन उद्याच या, सीट धरून ठेवतो." मुलीला करायचे आहे नर्सिंग, हा बोलत होता भलत्याच कोर्सबद्दल. ताईंचा प्रश्न एकच, "आमची जात याला कुणी सांगितली?"

जातीचा दाखला आपण हक्कासाठी काढतो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर जात लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु जी माहिती एका कामासाठी दिली, तिचा बाजार मांडण्याचा अधिकार कोणाला?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधारविरुद्ध केलेल्या याचिकेतून हा निकाल आला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. कागदावर भरलेला फॉर्म पुढे कॉम्प्युटरवर चढविला, तर त्यालाही हा कायदा लागू होतो.

या कायद्यात आपल्या उपयोगाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, संमती मागताना कारण स्पष्ट सांगावे लागते, आणि मराठीत वाचण्याची सोय द्यावी लागते. दुसरी, दिलेली संमती परत घेता येते. तिसरी सर्वांत मोलाची. कलम ११ प्रमाणे, "माझी माहिती तुम्ही आणखी कोणाकोणाला दिली?" हे आपण विचारू शकतो, आणि नावे सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर याच कलमात आहे.

पण घाई करू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे मे २०२७. त्याआधीचे नियम २०११ सालचे. त्यांत संवेदनशील माहिती दुसऱ्याला देण्यापूर्वी परवानगी घ्यावी असे म्हटले आहे. मात्र त्या यादीत पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपणाची माहिती, बोटांचे ठसे आहेत, जात नाही!

ही उणीव दिसली नव्हती असे नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात आणि जमात संवेदनशील माहितीत घातली होती. २०१९ च्या विधेयकातही ती होती. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. २०२३ च्या कायद्यात वेगळी यादीच राहिली नाही. जातीला संरक्षण आहे, पण मोबाईल नंबरला आहे तेवढेच. ज्यांना जातीमुळे घर भाड्याने नाकारले जाते, त्यांना यातला फरक समजावून सांगायला नको. शिवाय सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते, आणि दंड २५० कोटींपर्यंत असला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. तक्रारदाराच्या हाती काही पडत नाही.

म्हणून कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आजपासून एवढे करा.

शाळा-कॉलेजचा अधिकृत प्रवेश, शिष्यवृत्ती, सरकारी नोकरी येथे जात जरूर लिहा. मेळावा, क्लास, लकी ड्रॉ, दुकानाचा फॉर्म येथे तो रकाना कोरा सोडा. "कशाला पाहिजे?" असे विचारायला लाजू नका.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहून सही करा. जेथे चालेल तेथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

मोबाईलवर कर्ज देणारे ॲप तुमच्या फोनमधील नंबरांची यादी मागत असेल, तर तेथेच थांबा. रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच याला मनाई केली आहे. ती यादी दिली, की हप्ता चुकल्यावर साऱ्या नातेवाईकांना फोन जातात.

मूळ दाखले फोनवरच्या माणसाच्या भरवशावर कोणाच्याही हाती देऊ नका. कोठे अर्ज केला तर पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

ताईंनी मेळावा भरविणाऱ्यांना साध्या कागदावर अर्ज दिला. "माझ्या मुलीची माहिती कोणाला दिली ते लेखी कळवा आणि तिचे नाव तुमच्या यादीतून काढा." अर्ज मुलीनेच लिहिला, ताईंनी सही केली. लेखी उत्तर अद्याप आले नाही. मात्र फोन आठवड्याभरात बंद झाले, आणि मुलगी आपल्या पसंतीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी स्वतः रांगेत उभी राहिली.

आपल्या घरातील शिकलेल्या मुलामुलींना असा अर्ज लिहायला बसवा. तोही शिक्षणाचाच भाग आहे.