कार्यालयीन काम आणि संवाद

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना अर्ज, टिपणी, परिपत्रक व इतिवृत्त यांचे नमुने आपण पाहतो. त्यावरून कार्यालय म्हणजे केवळ कागदांची ये-जा, असा समज होण्याचा संभव असतो. आवक क्रमांक पडला, नस्ती टेबलांवरून फिरली, जावक क्रमांक पडला की काम संपले! माझ्या मते हे चित्र अपुरे आहे. नस्ती फिरते ती माणसांनी एकमेकांकडे काही मागितल्यामुळे आणि काही कबूल केल्यामुळे.

बोलणे हीसुद्धा एक कृती असते, हा विचार इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत आढळतो. 'उद्या अहवाल देतो' असे म्हणणारी व्यक्ती केवळ माहिती देत नाही, तर वचन देते. याच विचाराच्या आधारे संगणकतज्ज्ञ टेरी विनोग्राड व चिलीचे माजी मंत्री फर्नांडो फ्लोरेस यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात कार्यालयीन कामाची मांडणी केली. एक जण विनंती करतो. दुसरा ती स्वीकारतो, नाकारतो किंवा वेगळी मुदत सुचवतो. पुढे काम झाल्याचे कळवतो. आणि मागणाऱ्याने समाधान व्यक्त केल्यावरच ते काम पूर्ण ठरते.

ही शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अर्ज 'निकाली' निघतो, परंतु अर्जदाराचे काम झालेले असतेच असे नाही. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या वाक्यात कर्ता नाही आणि मुदतही नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. वचन मात्र कोणीच दिलेले नाही.

तथापि, या प्रतिमानाला मर्यादा आहेत. त्यावर आधारलेल्या 'कोऑर्डिनेटर' या संगणक प्रणालीत संदेश विनंतीचा आहे की वचनाचा, हे आधीच निवडावे लागे. अशी वर्गवारी माणसांवर नियंत्रण ठेवण्याचे साधन बनते, असा आक्षेप मानववंशशास्त्रज्ञ लूसी सचमन यांनी १९९४ मध्ये घेतला. तो रास्त आहे. वरिष्ठांचे 'आज जमेल का?' हे रूपाने प्रश्न असले, तरी अर्थाने आज्ञा असू शकते. कनिष्ठाचे 'हो, साहेब' हे वचन की नाइलाज? आणि 'बघतो' या शब्दात होकार किती व नकार किती, हे बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधांवरूनच कळते.

म्हणून हे प्रतिमान साचा म्हणून न वापरता प्रश्नावली म्हणून वापरावे, असे माझे मत आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहात. पुढील टिपणी लिहिताना स्वतःला विचारा: कोण कोणाकडे काय मागत आहे? केव्हापर्यंत? समोरच्याला नकार देण्याची मोकळीक आहे का? आणि काम झाले, हे कोण ठरवणार? याची उत्तरे ज्या वाक्यात सापडत नाहीत, ते वाक्य कितीही शुद्ध असले तरी पुन्हा लिहावे.