हाताला जागा हवी

दिवाळी हा तेलाचा सण. पणतीत तेल, अंगाला तेल, कढईत तेल. चौथे तेल मात्र कुणाच्या ध्यानी येत नाही. ते मोटारीच्या पोटात असते आणि घरची मंडळी गावी सुखरूप पोचतात, ती निम्मी त्याच्याच कृपेने. मी डोणगावला, मेहकर-मालेगाव रस्त्याच्या कडेला, गाड्या दुरुस्त करतो. वसुबारसेच्या आधीचे पंधरा दिवस माझे हात कोपरापर्यंत काळे असतात. तेव्हा या चौथ्या तेलाविषयी आणि ते गाळणाऱ्या मूठभर डब्याविषयी चार कडू शब्द बोलण्याचा माझा अधिकार वाचक मान्य करतील. कोकणात नरकचतुर्दशीला कारीट जिभेला लावतात. हा लेख त्या जागी समजावा.

तेलाचा फिल्टर ही काही सनातन वस्तू नव्हे. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलंड यांनी 'प्युरोलेटर' नावाचे गाळणे काढले. १९५०च्या दशकात आट्यांवर फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा आला. कल्पना किती सोपी पाहा! जुना डबा फिरवून काढावा, नवा फिरवून बसवावा, पाच मिनिटांचे काम. मग या पाच मिनिटांचे दोन तास का होतात? माझे स्पष्ट म्हणणे असे की, यात डब्याचा काडीचाही दोष नाही. दोष दोघांचा आहे : ज्याने जागा आखली त्याचा, आणि ज्याने मागच्या खेपेला तो आवळला त्याचा.

पहिल्याचा समाचार आधी घेऊ. अ‍ॅम्बॅसडरचे बॉनेट उघडले की दोन्ही हात खांद्यापर्यंत आत जात. १९८३ साली मारुती ८०० आली, आडवे बसवलेले इंजिन आणि पुढची चाके ओढणारी रचना आपल्याकडे घरोघर पोचली. गाडी आटोपशीर झाली, पेट्रोल वाचले, मध्यमवर्गाला चार चाके मिळाली. हे उपकार मी नाकारीत नाही. परंतु त्यानंतर इंजिनाभोवतीची जागा आक्रसतच गेली. कित्येक गाड्यांत आज फिल्टर कुठे इंजिनाच्या पाठीशी, कुठे तापलेल्या धुराड्याच्या नळीजवळ दडलेला असतो. हात जातो, पण पाना जात नाही. पाना जातो, तर फिरत नाही. आखणारे म्हणतील, जागाच नाही. मग ज्या गाड्यांत फिल्टर वरच्या बाजूला, झाकण उघडताच दिसेल असा बसवला आहे, तिथे जागा कुठून आली? ज्याला ठेवायची होती त्याने ठेवली!

आता आमच्या धंद्यातल्या दुसऱ्या आरोपीकडे वळू. नवा फिल्टर बसवण्याची रीत साधी आहे. त्याच्या रबरी कड्याला बोटाने तेल लावावे, कडे टेकेपर्यंत फिरवावा, आणि मग हातानेच साधारण पाऊण फेरा द्यावा. बस! पण आमच्याकडे जोराला कौशल्य मानण्याची खोड आहे. पान्याने करकचून आवळले म्हणजे काम पक्के झाले, असे मालकालाही वाटते आणि उस्तादालाही. कडे कोरडे राहते, उष्णतेने इंजिनाला चिकटते, आणि पुढच्या खेपेला कुण्या पंधरवड्यापूर्वी कामाला लागलेल्या पोराच्या नशिबी ते येते. डोक्यावर मालक उभाच : "काय रे पोट्ट्या, अजून नाई निंघाला?" पोरगा घाबरतो, डब्यात पेचकस आरपार ठोकतो, पत्रा टराटरा फाटतो, आटे जागच्या जागी, आणि गरम तेल मनगटावर.

याहून मोठा धोका पुढेच आहे. डबा एकदाचा निघतो, पण जुने रबरी कडे कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. अंधाऱ्या सांदीत ते दिसत नाही, घाईत कुणी चाचपत नाही, आणि त्यावर नवे कडे बसते. दोन कड्यांची पकड तेलाच्या दाबापुढे टिकत नाही. आमच्या मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर अखंड खुला आहे, आणि मोटारींना १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगात कडे सरकले तर काही मिनिटांत तेल रस्त्यावर आणि इंजिन जाम. गाडीत कोण बसलेले असते, हे दिवाळीत मी सांगायला नको.

म्हणून म्हणतो, हट्टी फिल्टरपुढे जोर नको, डोके हवे. तेल कोमट असताना सोडावे. चाक एका बाजूला वळवून वाट मिळते का पाहावे. पट्ट्याचा पाना डब्याच्या बुडाशी, आट्यांच्या बाजूला धरावा, कारण मध्ये धरला तर पत्रा चेपतो. वरून हात घातला तर दिशा उलटी भासते, हे पोराला आधी समजावून सांगावे. नाहीतर तो काढण्याऐवजी आवळत बसतो. आणि निघालेले तेल नाल्यात ओतू नये. २०१६च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडते, आणि आमचा नाला शेवटी कुणाच्या तरी विहिरीशेजारूनच वाहतो.

कारखानदारांकडे माझे मागणे एकच आहे. आराखडा मंजूर करण्यापूर्वी साध्या हाताचा एक माणूस साधा पाना देऊन उभा करा आणि त्याला फिल्टर काढू द्या. निघाला, तर गाडी बाजारात आणा. मालकांकडेही मागणे आहे : घड्याळ खिशात ठेवा, आणि "कड्याला तेल लावले का? जुने कडे निघाले का?" एवढे दोनच प्रश्न विचारा. ज्या पोराला हे विचारले जाते, तो पुढच्या वेळी न विचारताही पाहतो.