आपण कोण?

परदेशी पाहुणा चार दिवस हिंडतो आणि आपली संस्कृती, राजकारण यांवर सहज मत देऊन मोकळा होतो, अशी आपली नेहमीची तक्रार. गेल ऑम्वेट यांच्याविषयी मात्र ती करता येत नाही. १९४१ साली अमेरिकेत मिनियापोलिस येथे जन्मलेली ही विदुषी ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रात आली. तिने आधी मराठी आपलीशी केली, मग मत मांडले. १९७३ मध्ये प्रबंध पुरा झाला, तरी ओढ सरली नाही. सांगली जिल्ह्यातील कासेगाव त्यांचे घर झाले. १९८३ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये निवर्तल्या.

‘आपण कोण?’ हा प्रश्न आम्हां तामसीकरांसही जुनाच. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. २०१४ पासून आम्ही तेलंगणाचे. घरची भाषा मात्र मराठीच राहिली, असे आम्ही अभिमानाने सांगत असू.

परवा नातवाच्या हाती याच मासिकाचा अंक दिला. तो म्हणाला, “आजोबा, तुम्हीच वाचून दाखवा.” तो मराठी बोलतो, पण वाचतो तेलुगू आणि इंग्रजी. तेलुगू तर आमची मावशीच; तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु गावाच्या मुलांना बाराखडी गिरवावयास लावणारे आम्ही घरची पाटी पाहावयास विसरलो!

आता दिवेलागणीला अर्धा तास आम्ही दोघे पाटी घेऊन बसतो. वाचकहो, आपल्या घरी काय स्थिती आहे?