दोन दिवसांच्या गोळ्या आणि बाळाच्या माथी कर्ज

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळया निघतात, बियाणे निघते. तेथील कंत्राटी मजूर मात्र रोजावर जगतो. त्याच्या घरातील गरोदर स्त्रीस लघवीची जळजळ सुरू झाली, तर दवाखान्यात जाण्याने एक रोज बुडतो. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणणे स्वस्त पडते. तिच्यापुरता हा हिशेब चोख आहे. जो खर्च त्यात धरलाच जात नाही, तो मात्र पुढे दुसऱ्यांना भरावा लागतो: अर्धवट औषधातून वाचलेले चिवट जंतू वाढतात, पसरतात आणि प्रसूतीच्या वेळी बाळापर्यंतही पोहोचू शकतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगितला होता.

डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील प्रयोगात १९९५ ते १९९८ या काळात खेड्यातील आरोग्यसेविकांनी जेंटामायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल या साध्या औषधांवर नवजात बाळे वाचविली. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. त्यानंतर २०११ ते २०१४ मध्ये दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत पाहणी झाली. आजारी नवजातांत आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के, क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के आणि ई. कोलायपैकी ३८ टक्के जंतू अनेक औषधांना जुमानत नव्हते. जंगलातील झोपडी आणि राजधानीचे रुग्णालय यांची थेट तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. तरीही स्वस्त औषधाची ताकद हे सार्वजनिक धन आहे आणि ते आटत आहे, एवढे त्यावरून दिसते.

याचा सगळा दोष आईच्या पदरात टाकणे सोयीचे असले, तरी अन्यायाचे आहे. दिल्लीतील बहुतेक संसर्ग जन्मानंतर ७२ तासांच्या आतले होते. तेव्हा प्रसूतिगृहातील हात, पाणी आणि उपकरणे यांचाही जाब विचारला पाहिजे. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंदवही दुकानदारास सक्तीची झाली. कायदा चांगलाच आहे. पण रोज बुडण्याचे भय नोंदवहीने जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणी, लक्षणे नसतानाही, लघवीचे कल्चर करण्याची शिफारस केली. कोणते औषध लागू पडेल तेही त्यावरून कळते. सरकारच्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची तपासणी होते. तेथेच हे कल्चर विनामूल्य व्हावे. निकालास दोन-तीन दिवस लागतात. तो आशा सेविकेने घरी पोहोचवावा, कारण त्यासाठी दुसरा रोज बुडविणे त्या घराला परवडणारे नाही.