यॉर्कशायर टेरियर : विणकरांच्या कुत्र्याची हकिगत

गेल्या वर्षी या सदरात इंग्लंडच्या थंडीत तुळस कशी जगवावी याविषयी लिहिले होते. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमांत भेटलेल्या अनेकांनी सुचविले की, पुढील खेपेस पाळीव प्राण्याविषयी लिहावे. सूचना रास्त होती. मुले शिक्षणानिमित्त किंवा लग्न होऊन बाहेर पडली आणि घर मोठे वाटू लागले, की आपल्या पुष्कळ घरांत आताशा एखादे लहानसे कुत्रे येते. माझ्या ओळखीच्या तीन घरांत ते यॉर्कशायर टेरियर जातीचे आहे, आणि त्यांपैकी एक घर माझ्या आईचे आहे. म्हणून या वेळी त्याचीच हकिगत सांगते.

या कुत्र्याविषयी लोकांची समजूत अशी की, हा श्रीमंत स्त्रियांच्या मांडीवरचा दागिना होय. डोक्यावर फीत बांधावी, पिशवीत घालून मिरवावे, बशीतून भरवावे, आणि पाहुण्यांनी ‘किती गोड!’ म्हणावे. ही समजूत साफ चुकीची आहे. आणि चूक माणसांची असली तरी तिची शिक्षा मात्र कुत्र्यास भोगावी लागते.

‘टेरियर’ या शब्दातच त्याचा धंदा सांगितलेला आहे. फ्रेंच भाषेत भूमीस ‘तेर’ म्हणतात. मॉरिशसमध्ये वाढलेल्या आपल्या आजीआजोबांच्या क्रेओल बोलीतही माती म्हणजे ‘लातेर’च. जमिनीत शिरून, बीळ उकरून शिकार करणारा तो टेरियर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील विणकर आणि मजूर पोटापाण्यासाठी दक्षिणेकडे उतरले व यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांत कामास लागले. यंत्राच्या मागाने हातमागाचा घास हिरावला होता. हे लोक येताना आपली लहान, लांब केसांची टेरियर कुत्री बरोबर घेऊन आले. पेझली आणि क्लाइड्सडेल या नावांनी ओळखली जाणारी ती कुत्री. आज त्या जाती स्वतंत्रपणे उरलेल्या नाहीत. गिरणीत उंदीर फार आणि मजुराच्या चाळीतही फार, तेव्हा उंदीर मारणारे कुत्रे म्हणजे घरातील एक कमावते माणूसच. ते आकाराने लहान होते याचे कारण हौस नव्हे; लहान कुत्र्यास अन्न थोडे लागते आणि अरुंद फटीत ते सहज शिरते. मजुराच्या घरी ही दोन्ही कारणे पुरेशी होती.

या स्कॉटिश कुत्र्यांचा तेथील स्थानिक कुत्र्यांशी संकर होऊन नवी जात तयार झाली. कोणत्या कुत्र्याचा कोणाशी संबंध आला हे आज कोणीही नेमके सांगू शकत नाही, कारण गिरणीकामगारांनी वंशावळी लिहून ठेवल्या नाहीत. येथे मला आपल्या पूर्वजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. मुंबई बंदरातून निघालेल्या कोकणातील माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरील खूण, सारे काही सरकारी वहीत उतरवले गेले आणि त्याला एक क्रमांक दिला गेला. त्या वह्या मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही जतन केलेल्या आहेत. विणकर गरीब खरा, पण मोकळा होता. करारावर अंगठा देऊन तो आला नव्हता. म्हणूनच कदाचित त्याला आपले कुत्रे बरोबर आणता आले. आपल्या आजोबा-पणजोबांनी बोचक्यात काय काय आणले याच्या कथा घरोघर आहेत. कुत्रे आणल्याची कथा मी तरी ऐकलेली नाही.

या जातीचा ज्ञात मूळपुरुष म्हणजे ‘हडर्सफील्ड बेन’. त्याचा जन्म १८६५ चा. ब्रॅडफर्डच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर यांच्याकडे तो वाढला, प्रदर्शनांतून त्याने सत्तरांहून अधिक बक्षिसे मिळविली, आणि त्याच वेळी उंदीर मारण्याच्या शर्यतीतही तो नाव राखून होता. १८७१ मध्ये गाडीखाली सापडून तो मेला. आयुष्य अवघे सहा वर्षांचे, परंतु त्याची पिल्ले लहान आणि देखणी निपजत, म्हणून आजच्या बहुतेक यॉर्कशायर टेरियरांचे मूळ त्याच्याशी जाऊन भिडते. तोवर या कुत्र्यांना ‘स्कॉच टेरियर’च म्हणत. १८७० मध्ये एका वार्ताहराने लिहिले की, ही जात यॉर्कशायरमध्ये इतकी सुधारली आहे की तिला आता यॉर्कशायरचेच नाव द्यावे. आणि ते नाव रूढ झाले. म्हणजे परगावाहून आलेल्याला पंधरा-वीस वर्षांत गावचे नाव मिळाले! आपल्यापैकी कित्येकांना येथे जन्मूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नातून अजून सुटका नाही; पण ते असो.

पुढे हा कुत्रा गिरणीवस्तीतून दिवाणखान्यात गेला. बेनचे वजन पाच किलोच्या आसपास होते. आज केनेल क्लबच्या नियमाप्रमाणे ते ३.२ किलोपर्यंतच असावे लागते. १९९७ साली क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात या जातीचा एक कुत्रा सर्वश्रेष्ठ ठरला. तथापि रक्तातला धंदा गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात ‘स्मोकी’ नावाची यॉर्कशायर टेरियर कुत्री सापडली आणि विल्यम विन या अमेरिकन सैनिकाने ती पाळली. वजन जेमतेम दोन किलो. फिलिपीन्समधील लुझॉन बेटावर विमानतळाखालून टेलिफोनची तार न्यावयाची होती. धावपट्टी खणावयाची तर कित्येक दिवसांचे काम, आणि वर शत्रूची विमाने. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, विनने दुसऱ्या टोकाशी उभे राहून हाक मारली, आणि सुमारे सत्तर फूट लांबीच्या, अर्धवट मातीने भरलेल्या अरुंद नळातून ती पलीकडे निघाली. तिला फीत बांधून पिशवीत ठेवली असती, तर हे कसे घडले असते?

आता रूप. पिल्लू काळे आणि तांबूस जन्मते. पुढे दोन-तीन वर्षांत मानेपासून शेपटीपर्यंतचा काळा रंग गडद पोलादी निळा होतो आणि डोके, छाती व पाय सोनेरी होतात. केस माणसाच्या केसांसारखे सतत वाढतात व फारसे गळत नाहीत. परंतु त्यांखाली इतर कुत्र्यांना असते तशी दाट लोकर नसते. त्यामुळे इंग्लंडच्या पावसाळी थंडीत याला अंगरखा घालणे ही चैन नसून गरज आहे. केस रोज विंचरावे, तेही किंचित पाण्याने ओलावून. कोरडे विंचरले तर तुटतात. ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी केस सरळ आखूड कापून घ्यावे. प्रदर्शनात जावयाचे नसेल तर जमिनीपर्यंत लोळणाऱ्या केसांचा कुत्र्यास काडीचाही उपयोग नाही.

दातांकडे मात्र आपले लोक अजिबात लक्ष देत नाहीत. अल्सेशियनच्या तोंडात जितके दात तितकेच, म्हणजे बेचाळीस, या चिमुकल्या जबड्यात दाटीवाटीने बसलेले असतात. फटींत अन्न अडकते, कीट साचते, हिरड्या सडतात. कित्येकदा दुधाचे दात पडतच नाहीत व पशुवैद्याकडून काढून घ्यावे लागतात. रोज ब्रश करावा, परंतु कुत्र्यांसाठी मिळणारी पेस्ट वापरूनच. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यास विष आहे.

गळ्यात पट्टा अडकवून ओढू नये. या जातीची श्वासनलिका नाजूक असते, ती दबली की हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येऊ लागतो. म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस घ्यावा. चालता चालता मध्येच तीन पायांवर उड्या मारू लागला, तर गुडघ्याची वाटी सरकत असेल असे समजून दाखवून आणावे. सोफ्यावरून उडी मारू देऊ नये. फार लहान पिल्लास दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे, कारण उपाशी राहिले तर त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. ते मलूल पडले तर हिरड्यांना किंचित मध चोळून तत्काळ पशुवैद्य गाठावा. आणि रोज दोनदा फिरवून आणावे. पावसाची सबब सांगू नये. विणकरांनी ती सांगितली नसती.

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येते. माझी आई तरुणपणी मॉरिशसहून परिचारिकेच्या शिक्षणासाठी येथे आली व निवृत्तीपर्यंत तिने रुग्णालयात काम केले. वडील गेल्यावर ती एकटी पडली. शेजारच्या वृद्ध इंग्रज बाईंना वृद्धाश्रमात जावे लागले, आणि त्यांची सात वर्षांची डेझी आमच्याकडे आली. आईच्या गावी कुत्री उंबरठ्याबाहेर निजत. घरात, त्यातून देवघर असलेल्या घरात, कुत्रे कसे ठेवावे हा प्रश्न तिने दोन दिवस मनात घोळवला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच निकाल दिला : दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, मग माझ्या पायाशी एक बसायला काय हरकत आहे? त्यावर कोणी काही बोलले नाही. आईचे गुडघे दुखतात, पण डेझीसाठी ती रोज सकाळी बाहेर पडते, आणि त्या निमित्ताने तिला गल्लीतील सर्वांची खबर असते.

दुसऱ्या वर्षी गणेश चतुर्थीस आरती झाली, प्रसादाचा शिरा वाटला, आणि डेझी माझ्याकडे टक लावून पाहत बसली. देवाचा प्रसाद, त्यास नाही कसे म्हणावे? मी पानातील बराचसा शिरा तिच्यापुढे ठेवला. त्यात बेदाणे होते. रात्री तिला ओकाऱ्या झाल्या. तूप बाधले असेल, असे आम्ही म्हणालो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी ती उठेना, पाणीही घेईना. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला : द्राक्षे अथवा बेदाणे किती खाल्ले? मी मोजले नव्हते. तीन दिवस तिला सलाइनवर ठेवले होते. मूत्रपिंडे वाचली, ती तिच्या नशिबाने. आई मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि मला तेच जड गेले. वर्गात मुलांना ‘आधी वाचा, मग करा’ असे सांगणारी मी!

द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना घातक आहेत हे पशुवैद्यांना बरीच वर्षे ठाऊक होते. कारण कळत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी असे मत मांडले की, त्यांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. म्हणजे आमटीभात कालवून कुत्र्यापुढे ठेवण्याची आपली जुनी रीतही सोडली पाहिजे. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, तेव्हा गातो पिमांचा तुकडाही देऊ नये. चॉकलेटचे तर सांगावयासच नको. किती खाल्ले तर चालते, असे विचारू नये. बेदाण्यांच्या बाबतीत सुरक्षित प्रमाण असे कोणासही सांगता येत नाही, आणि तीन किलोच्या देहास मूठभरसुद्धा पुष्कळ. खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता दूरध्वनी करावा. पहिल्या काही तासांत ओकारी करवून घेता येते. मी ते तास झोपून घालविले.

दिवाळीविषयी थोडे. इंग्लंडात एरवी रात्री अकरानंतर फटाके उडविण्यास मनाई आहे, परंतु दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा असते, आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्रही बहुधा त्याच सुमारास येते. दिवस मावळण्यापूर्वी फिरवून आणावे, पडदे ओढावे, रेडिओ लावावा, आणि भीतीने पलंगाखाली शिरल्यास ओढून बाहेर काढू नये. बिळात शिरणे हा त्याचा धर्मच आहे.

नवा कुत्रा घेणाऱ्यांनी काही कायदे ध्यानात ठेवावे. इंग्लंडात २०१६ पासून प्रत्येक कुत्र्यास मायक्रोचिप बसविणे सक्तीचे आहे. २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू दुकानातून अथवा दलालाकडून विकण्यास बंदी आहे. ते पैदास करणाऱ्याकडून, त्याच्या आईसह पाहूनच घ्यावे. शोभेसाठी शेपटी छाटणे २००७ पासून गुन्हा आहे. ‘टीकप’ म्हणून दीड किलोचे पिल्लू कोणी दाखविले तर पाठ फिरवावी. असली पिल्ले आयुष्यभर आजारी राहतात. माझे स्वतःचे मत असे की, आपल्या वडीलधाऱ्यांनी पिल्लाच्या भानगडीत पडूच नये. निवाराघरांतून सात-आठ वर्षांची शहाणी कुत्री मिळतात, आणि ही जात सहसा बारा ते पंधरा वर्षे जगते.

डेझी आता अकरा वर्षांची आहे. आरतीची घंटा वाजली की ती देवघराच्या दाराशी येऊन बसते, आत येत नाही. मंडळाच्या स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनींना मी विनंती केली, आणि त्यांनी यंदाच्या उत्सवात शिऱ्याच्या काही पुड्या बेदाण्यांवाचून वेगळ्या बांधण्याचे मान्य केले आहे. ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांनी आरतीपूर्वी तसे सांगावे. तूपसाखर त्यातही असतेच, तेव्हा द्यावयाचा झाला तर चिमूटभरच द्यावा.